बाईला शिवी, पण फिर्यादी नवरा: जुन्या वऱ्हाडी फिर्यादी कशा वाचाव्या?

पांढरी_कपाशी: १८८० ते १९२० मधल्या खेड्यांतल्या अब्रूनुकसानीच्या फिर्यादी पाहतो आहे. शिवी बाईला, पण रजिस्टरात फिर्यादी नवरा नाहीतर भाऊ. बाया कचेरीची पायरीच चढत नव्हत्या असं धरायचं काय? आणि ‘रांड’ दरवेळी शिवीच का?

जुने_कागद: तसं धरू नका जी. तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९९ (बदनामी) च्या स्पष्टीकरण ४ मध्ये जातीत किंवा धंद्यात पत उतरणं हीसुद्धा बदनामी होती. बाईला ‘छिनाल’ म्हटलं की अख्ख्या घराचा रोटीबेटी व्यवहार अडतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९०० मध्ये अशा आरोपाने नवऱ्याचीही अब्रू जाते, तो फिर्याद करू शकतो, असं ठरवलं. वऱ्हाड त्या न्यायालयाच्या हाताखाली नव्हतं, पण गावातला हिशेब तोच.

म्हणून फिर्यादीच्या रकान्यावरून बायामाणसं मोजू नका. मजकूर वाचून तीन रकाने पाडा: शिवी कोणी दिली, कोणाला दिली, लांछन कोणावर. आईवरून दिलेल्या शिवीत ऐकणारा पुरुष, लांछन बाईवर, आणि ती बाई बहुतेकदा तिथे हजरही नसते. हा तिसरा रकाना भरला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

मोडीवाला: ‘रांड’ म्हणजे विधवासुद्धा. वारस, वाटणी, शेताच्या ओळीत आला तर बहुधा तोच अर्थ. ‘चारचौघांत’, ‘पाणवठ्यावर’ असं मागेपुढे असेल तर शिवी. मोडीत अनुस्वार पुष्कळदा गाळतात आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे नुसतं ‘राड’ दिसलं तर भांडण की बाई हे अख्खं वाक्य लावूनच ठरवा. निजामी कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असेल तर इसवी सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवा.

जुने_कागद: एक राहिलं. निकालाच्या रकान्यात ‘राजीनामा’ दिसला तर नोकरी सोडली असं समजू नका, तो तडजोडीचा कागद. कलम ५०० (बदनामीची शिक्षा) आणि ५०४ (भांडण पेटवणारा अपमान) आपसात मिटवता येत, आणि मिटवलं की आरोपी सुटल्यासारखाच धरत. ‘सुटला म्हणजे फिर्याद खोटी’ ही चूक पुष्कळांची होते.

पांढरी_कपाशी: छापील निकालात तर नुसतं ‘अश्लील शिवीगाळ’ लिहिलं आहे.

मोडीवाला: त्यातून शब्द निघणार नाही. बदनामी अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, म्हणून पोलिसांच्या कागदातही फार सापडत नाही. मॅजिस्ट्रेटपुढची खाजगी फिर्याद आणि साक्षीदारांच्या जबान्या शोधा. मुदतीनंतर फायली नष्ट करतात, तेव्हा अपिलाची फाईल आधी मागा. खालच्या जबान्यांच्या नकला कधीकधी तिच्यातच टाचलेल्या असतात.