सोशल पॉलिसीत मास्टर्स करायचंय पण डिग्री बीकॉमची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये पण जाणकारांनी वाचून मार्गदर्शन करावं ही विनंती.

मी बार्शीचा. सोलापूर विद्यापीठातून बीकॉम, शेवटच्या वर्षाला ६१ टक्के आहेत पण तिन्ही वर्षांची सरासरी काढली की गाडी ५८ वर येते. डिग्रीनंतर एका संस्थेत लागलो, तीन वर्षं होत आली, काम रोजगार हमीचं, म्हणजे गावोगाव जाऊन मजुरांकडून नमुना ४, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरून घ्यायचा आणि ग्रामपंचायतीतून तारखेची पोच मिळवायची. दिसायला कारकुनी काम आहे पण सगळं त्या पोचेवरच अडतं, कारण मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकार भत्ता द्यावा लागतो आणि पोचच नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून? आणि पोच देताना तारीख टाकायची म्हटलं की पेन चालत नाही लोकांचं. हे बघत बघतच या विषयात शिकावंसं वाटायला लागलं.

एलएसईचा (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) इंटरनॅशनल सोशल अँड पब्लिक पॉलिसी आणि ऑक्सफर्डचा कम्पॅरेटिव्ह सोशल पॉलिसी, दोन्हीची पानं वाचली आणि डोकं गरगरलं. माझे प्रश्न असे की तिथे मागतात ते २:१ म्हणजे आपले नक्की किती टक्के, बीकॉमवाल्याला घेतात का की आधी सोशॉलॉजी वगैरे काहीतरी करावं लागेल, आणि रेफरन्सचं, म्हणजे शिफारसपत्राचं, काय करायचं? सर म्हणाले तूच लिहून आण मी सही करतो, वर गोल शिक्का पण मारून देतो. हे चालतं का?

घरचे म्हणतायत तुळजापूरला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे की, लंडनला कशाला जायचं. तेही चुकीचं नाहीये. कास्ट सर्टिफिकेट एससीचं आहे, स्कॉलरशिप नसेल तर बाहेर जाणं शक्यच नाही.

—

प्रतिसाद १

२:१ म्हणजे तिकडचा अप्पर सेकंड क्लास, त्यांच्या हिशोबात ६० ते ६९ टक्के. पण आपले मार्क तसेच्या तसे लावत नाहीत, प्रत्येक युनिव्हर्सिटीचं भारतासाठी वेगळं पान असतं, कुणी ५५ ला २:१ धरतं, कुणी ६० ला, काही ठिकाणी तुझं विद्यापीठ कोणतं त्यावरही ठरतं, त्यामुळे आधी ते पान उघड. स्पष्टच सांगतो, ५८ वर ऑक्सफर्ड आणि एलएसई दोन्ही अवघड आहेत आणि अर्जाची फी परत मिळत नाही. एक अर्ज तिकडे टाकायचा तर टाक पण बाकीचे ५८ चालणाऱ्या ठिकाणी टाक. बीकॉमचं टेन्शन घेऊ नको, या कोर्सला सगळ्या विषयांतून लोक येतात, फक्त तू या विषयाकडे का वळलास ते एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, पटलं पाहिजे. तीन वर्षांचा बॅचलर यूकेला चालतो, अमेरिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी चार वर्षांचा मागतात.

गोल शिक्का विसर. पोर्टलमधून सरांना थेट लिंक जाते आणि पत्र त्यांनीच अपलोड करायचं असतं, मेल आयडीही जीमेलचा नको, संस्थेचा लागतो. कॉलेजमध्ये चौकशी कर, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी सगळ्या प्राध्यापकांचे आयडी काढलेले असतात आणि पासवर्ड कॉम्प्युटर लॅबवाल्याकडे पडून असतो. सरांना तुझं काम काय, प्रोजेक्ट कुठला केलास एवढं मुद्द्यांत लिहून दे, पत्र त्यांना लिहू दे. ऑक्सफर्डला तीन रेफरन्स लागतात, एलएसईला दोन.

—

प्रतिसाद २

एसओपीत 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' लिहिलंस तर बघ! बाबासाहेब एलएसईत शिकले, तिथूनच १९२३ ला डीएससी झाले, म्हणून मलाही तिथेच जायचंय हेही नको, भावना खरी असली तरी त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. वर पोचेचं जे लिहिलंयस ना तेच लिही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, देशाचा आला २००५ ला, म्हणजे आपल्याकडे इतकी जुनी यंत्रणा असून हक्क एका तारखेपाशी का अडकतो, हा सोशल पॉलिसीचाच प्रश्न आहे. तिकडच्या पोरांकडे हे मटेरियल नसतं.

स्कॉलरशिपसाठी दोन गोष्टी बघ. शेव्हनिंगला (ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप) डिग्रीनंतरचं २८०० तासांचं काम लागतं, तुझं तीन वर्षांत सहज भरतं, पण कोर्स झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. दुसरी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, समाजकल्याणची, तिला क्यूएस या युनिव्हर्सिट्यांच्या जागतिक रँकिंगची अट असते म्हणून युनिव्हर्सिटी निवडतानाच रँक तपासून घे. अटी मध्यंतरी बदलल्यात, यूट्यूबचे जुने व्हिडिओ बघू नको, या वर्षीची जाहिरात डाउनलोड कर.

—

प्रतिसाद ३

टिसला हसू नका राव. तुळजापूरला डेव्हलपमेंट पॉलिसी, प्लॅनिंग अँड प्रॅक्टिसचा एमए आहे, तुला त्याच भागात काम करायचं असेल तर फिल्डवर्कला याहून बरी जागा नाही. कुठल्याही शाखेची डिग्री चालते. सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, निगेटिव्ह मार्किंग आहे, नंतर मुलाखत. मुलाखतीत तीन वर्षांचं काम बोलतं, ५८ टक्के नाही.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सीयूईटीचा फॉर्म भरतोच. आज कॉलेजला फोन केला, सरांचा आयडी खरंच निघाला, पासवर्ड लॅबवाल्याकडेच. दुसरा रेफरन्स संस्थेच्या ताईंचा घेतला तर चालेल का?

—

प्रतिसाद १

बऱ्याच ठिकाणी एक कामाचा चालतो, पण दोन्ही अ‍ॅकॅडेमिकच हवेत असंही काही कोर्सेसना असतं. कोर्सचं पान बघ, नाही कळलं तर अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाक, उत्तर देतात ते.