वेगवेगळ्या आकारांच्या चार डिस्कवर घरचा सर्व्हर फाइली कशा वाटून ठेवतो?

नौपाडाकर:
नमस्कार. माझ्या वडिलांनी ठाण्यात अनेक वर्षे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. गडकरी रंगायतनमधील नाट्यप्रयोगांच्या आणि घरोघरच्या लग्नमुंजींच्या त्यांच्या निगेटिव्ह मी स्कॅन करीत असून आतापर्यंत सुमारे ३ टीबी छायाचित्रे झाली आहेत. ती ठेवण्यासाठी जुन्या संगणकाचा सर्व्हर करण्याचा विचार आहे. माझ्याकडे ८ टीबीची एक, ४ टीबीच्या दोन आणि २ टीबीची एक अशा डिस्क आहेत. रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या एका पद्धतीत, एक डिस्क गेली तरी काही हरवत नाही, असे वाचले. परंतु एक फोटो एकाच डिस्कवर अखंड असतो की तुकड्यांत, आणि गेलेल्या डिस्कवर काय साठवलेले होते हे उरलेल्या डिस्कना कसे कळते, हे मला उमगलेले नाही.

कोपरखैरणेकर:
रेड ५ मध्ये मोठी फाइल अखंड राहत नाही. लिनक्सवरील एमडीएडीएम हा रेड चालवणारा प्रोग्रॅम माहितीचे ठरावीक आकाराचे, सहसा ५१२ केबीचे, तुकडे पाडतो. चार डिस्क असल्यास प्रत्येक ओळीत तीन तुकडे माहितीचे आणि एक पॅरिटीचा असतो, आणि पॅरिटीचा भार एकाच डिस्कवर पडू नये म्हणून तिची जागा ओळीगणिक बदलते.

पॅरिटी म्हणजे प्रत नव्हे, तो हिशेब आहे. तीन तुकड्यांत एकाच जागी १, ०, ० असे बिट असतील, तर एकांची संख्या सम व्हावी म्हणून चौथ्या डिस्कवर १ लिहिला जातो. पुढे पहिली डिस्क बंद पडली की ०, ० आणि १ उरतात. संख्या विषम दिसते, त्याअर्थी गेलेला बिट १ होता. म्हणजे उरलेल्या डिस्कना काहीच ठाऊक नसते, त्या सगळ्या वाचून हरवलेले पुन्हा काढावे लागते, आणि म्हणूनच नवी डिस्क भरून निघायला कित्येक तास लागतात. त्या अवधीत दुसरी डिस्क गेली, तर हाती फक्त अर्धवट तुकडे उरतात.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रेड ५ सर्वांत लहान डिस्कचे माप धरते, त्यामुळे १८ टीबीपैकी जेमतेम ६ टीबी वापरता येतील.

घोडबंदरवासी:
आकार असमान असतील तर स्नॅपरेड हा पॅरिटी ठेवणारा प्रोग्रॅम पाहावा. त्यात फाइल एकाच डिस्कवर अखंड राहते आणि पॅरिटी सर्वांत मोठ्या डिस्कवर वेगळी ठेवतात. आपल्याला १० टीबी मिळतील. दोन डिस्क गेल्या तरी वाचलेल्या डिस्कवरील फोटो कोणत्याही लिनक्स संगणकावर उघडतात. मात्र ही पॅरिटी शेवटच्या सिंकच्या, म्हणजे ती ताजी करण्याची आज्ञा शेवटची दिली त्या वेळची असते. त्यानंतर स्कॅन केलेल्या फोटोंना संरक्षण नसते, शिवाय मधल्या काळात दुसऱ्या डिस्कवरील फाइली पुसल्या असतील, तर गेलेल्या डिस्कचा तेवढा भागही परत मिळेलच असे नाही.

सानपाडाकर:
दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण माहिती ३ टीबीच असेल तर पॅरिटी हवीच कशाला? ४ टीबीच्या दोन डिस्कचा झेडएफएसवर (ही एक फाइल साठवण्याची प्रणाली) मिरर, म्हणजे एकसारखी जोडी, करावा. प्रत्येक डिस्कवर संपूर्ण प्रत राहते, आणि एखादी फाइल डिस्कवर आपोआप बिघडली तर चेकसमवरून, म्हणजे माहितीसोबत जपलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून, कोणती प्रत खरी हे ओळखून दुसरी दुरुस्त केली जाते. साध्या मिररला हे कळत नाही. ८ टीबीच्या डिस्कवर तिसरी प्रत करून ती घराबाहेर ठेवावी, असा माझा आग्रह आहे. चुकून पुसलेला फोटो मिररच्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो, आणि पावसाळ्यात गळती किंवा विजेचा दोष झाला तर अख्खी पेटीच निकामी होऊ शकते. जुन्या निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करण्याच्या अवस्थेत राहतीलच असे नाही.

नौपाडाकर:
सर्वांचे मनापासून आभार. मिरर करण्याचे ठरवले आहे. ८ टीबीची डिस्क नेरूळला बहिणीकडे राहील आणि दर महिन्याला मी तिच्यावर नवे फोटो भरीन. या रविवारी मिररमध्ये दोनशे फोटो टाकून, एक डिस्क काढून पाहणार आहे. सगळे फोटो उघडले, तरच उरलेले हलवीन.