उजवा कोपरा बुजलाय: पाणी की जाड झालेलं आवरण?

एमओ_राजापूर: साठीचे गृहस्थ, महिनाभर कोरडा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, चढावर दम लागतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत उजवा खालचा कोपरा (बरगड्या आणि डायाफ्राम, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, यांमधली खाच) बुजलेला. फुप्फुसाभोवतीचं पाणी की त्याचं जुनं जाड झालेलं आवरण (प्ल्यूरा), कसं ओळखावं? टीबीची औषधं लगेच सुरू करू का?

सोनो_चिपळूण: उभ्याने, पाठीकडून किरण सोडून काढलेल्या (पीए) फिल्मवर कोपरा बुजायला साधारण २०० मिली पाणी लागतं, लॅटरलमध्ये (बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये) मागचा कोपरा ५०-७५ मिलीतच भरतो. पाण्याची वरची कड काखेकडे चढत जाते. शंका असेल तर उजव्या कुशीवर झोपवून फिल्म घ्या. मोकळं पाणी बरगड्यांलगत पसरून पट्टा पडतो, जाड आवरण जागचं हलत नाही. कप्प्यात अडकलेलं पाणीही हलत नाही, तिथे मात्र फसगत होते. सोनोग्राफी हाताशी असेल तर सगळा खटाटोप वाचतो: पाणी काळं, त्यात श्वासाबरोबर डोलणारं फुप्फुसाचं टोक. आत जाळ्यासारखे धागे दिसले तर टीबी किंवा पू आधी आठवा.

छातीविकार_रत्नागिरी: औषधं थांबवा, आधी पाणी काढून तपासा. सुई बरगडीच्या वरच्या काठाला लागून घाला. खालच्या काठाखालून रक्तवाहिन्या आणि नस जाते. एका बैठकीत दीड लिटरच्या आत. छाती आवळली किंवा खोकला थांबेना तर तिथेच थांबा. त्याच दिवशी रक्तही पाठवा. प्रोटीन पाण्यात रक्ताच्या निम्म्याहून जास्त किंवा एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) रक्ताच्या ०.६ पटीहून जास्त, तर दोष आवरणाचाच धरा. नाहीतर हृदय, यकृत, मूत्रपिंड बघा. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ४० च्या वर म्हणजे टीबीची दाट शक्यता. पण पुवातही एडीए चढतो, म्हणून पेशी बघितल्याशिवाय तो आकडा वाचू नका. पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ७.२ च्या खाली गेला तर ते काढायला छातीत नळी लागणार.

सोनो_चिपळूण: आणि काम काय करायचे ते विचारा. गोदीत, बोटीच्या इंजिनरूममध्ये पाइपांवरच्या जुन्या वेष्टणाशी काम झालं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस डोक्यात ठेवा. त्याने होणारा आवरणाचा कॅन्सर २० ते ४० वर्षांनी डोकं काढतो. डायाफ्रामवरचे चुन्याचे पट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे. सीटीत आवरण १ सेंटीमीटरहून जाड, गाठीगाठींचं, हृदयाकडच्या बाजूलाही पसरलेलं आणि फुप्फुसाला सालीसारखं वेढणारं दिसलं तर बायोप्सीच. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.

एमओ_राजापूर: आणि कधी अख्खी बाजूच पांढरी असली तर?

छातीविकार_रत्नागिरी: श्वासनलिका बघा. पलीकडे ढकललेली तर पाणी. पांढऱ्या बाजूकडेच ओढलेली तर फुप्फुस मिटलेलं असणार. तिथे सोनोग्राफी न करता सुई घालू नका.