समुद्र सोडून आतला गोवा पाहुण्यांना दाखवावा का?

मांडवीकाठ
दर मे महिन्यात पुण्याचे नातेवाईक आमच्या डिचोलीच्या घरी उतरतात. सकाळी कळंगुटला जातात, संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत परत येतात. यंदा हट्टाने त्यांना रिवणजवळच्या उसगाळीमळला नेलं. कुशावतीच्या काठी जांभ्या कातळात शंभरावर आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल, हरणं, आणि ते चक्रव्यूहासारखं गोल. बाहेरच्या जगाला 1993 मध्ये त्यांचा पत्ता लागला, गावचे लोक त्यावरून रोज चालत होते! भाच्याने अर्धा तास मोबाइल खिशात ठेवला, हा आमच्या घराण्यातला विक्रम.
माझं म्हणणं सरळ आहे. तिसवाडी, बारदेस, सासष्टी हे किनाऱ्याकडचे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हाती गेले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हे आतले तालुके गेले अठराव्या शतकात. म्हणून इकडचे मांड (गावाने मिळून खेळायच्या पवित्र जागा), इकडचा शिगमो, म्हणजे आपला शिमगा, मोडला नाही. पाहुण्यांना इकडेच वळवा. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन देऊळ, हरवळ्याच्या गुंफा, शिगम्यातला झर्म्याचा चोरोत्सव, आणि साळचे गडे, म्हणजे अंगात येऊन रात्री धावणारे गावकरी. किनाऱ्यावरचा भारही उतरेल.

सत्तरीवाली
देऊळ आणि गुंफा दाखवा, दगड काही बोलणार नाहीत. पण चोरोत्सव आणि गडे त्या यादीत कशाला घातले?
आमच्याकडे चोरोत्सवात माणसं जमिनीत पुरून घेतात. निरपराध पोरांना चोर समजून मारलं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून, असं जुने लोक सांगतात. म्हणजे ते सुतक आहे, करमणूक नव्हे. दोन वर्षांमागे एक टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली. पुरलेल्या माणसाच्या तोंडाजवळ मोबाइल धरून एकजण विचारत होता, ‘दादा, कैसा लग रहा है?’ आमच्या एका काकांनी त्याला मांडावरून अक्षरशः उचलून बाहेर ठेवलं. साळला गड्यांच्या रात्री दिवे बंद ठेवतात. तिथे पन्नास फ्लॅश उडाले तर गडे धावणार कुठे?

केप्याची_सून
ताई, राग समजला. पण मी कुळागराला, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेला लागून दोन खोल्या पाहुण्यांना देते, म्हणून दुसरी बाजू सांगते. नुसत्या सुपारीवर घर चालत नाही. पावसात येणारी माणसं तायखिळ्याची भाजी नि उकड्या तांदळाचा भात जेवतात, सासूबाईंशी तासभर बोलतात, पैसे देऊन जातात. ही माणसं नकोत म्हणालात तर शेजारची जमीन रिकामी राहणार नाही. तिथे मोठ्या शहरातल्या कुणाचातरी कुंपण घातलेला बंगला येईल, वर्षातून आठ दिवस दिवा लागणारा. माझ्या वाडीत दोन आलेसुद्धा.

सत्तरीवाली
तुमच्याकडे येतात ते चौघे. माझा प्रश्न चारशेंचा आहे.

पायपीट_पुणे
बाहेरचा माणूस म्हणून भीत भीत लिहितो. आम्ही मराठी लोक गोव्यात फक्त बीचसाठी येतो हे मला पटत नाही. आजोबांच्या काळापासून आम्ही कुलदैवताला येतो, अग्रशाळेत उतरतो. पण मंगेशीलाही आता बसेसची रांग असते, तेही ‘मास टुरिझम’च झालं.
गेल्या खेपेला उलटं केलं. पोर्तुगीजांच्या भीतीने देव जिथून हलवले ती गावं पाहिली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला 1560 मध्ये, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. वेर्ण्याला जुन्या जागी नवं देऊळ उभं राहिलंय. कुठ्ठाळीला जुवारीच्या काठावर मी नुसता उभा राहिलो. रात्री पालखी या पाण्यातून कशी नेली असेल याचा विचार करत. तिथे ना तिकीट, ना गाइड, ना कुणाच्या विधीत लुडबुड. असा गोवा दाखवायला कुणाची हरकत आहे?

मांडवीकाठ
हे मला सुचायला हवं होतं. जन्म इथे गेला, केळशीला मी एकदाही गेलेलो नाही.

जुनाजाणता
सगळे एका गोष्टीवर गप्प आहात. ‘कुणाला ठाऊक नसलेली जागा’ ही एका रीलपुरतीच तशी राहते. पर्र्याचा माडांचा रस्ता आठवा. साधा गावचा रस्ता, आम्ही सायकलने जायचो. फोटोवाल्यांची इतकी गर्दी झाली की 2019 मध्ये पंचायतीने फोटोवर कर लावला, नि ओरड झाल्यावर मागे घेतला. पणजीच्या फोंताइन्यस वाड्यात लोकांनी दारावर पाट्या लावल्यात. मांडवीकाठ, तुझ्या यादीतल्या प्रत्येक नावाचं हेच होणार, तू कितीही चांगल्या मनाने लिही.
आणि शिगमो बघायचाच असेल तर पणजी, मडगाव, फोंड्याची चित्ररथांची मिरवणूक आहे की! रोषणाई, बक्षिसं, लाउडस्पीकर. मला ती आवडत नाही, पण ती बघ्यांसाठीच आहे. ती राहू दे म्हणजे मांड वाचेल.

मांडवीकाठ
म्हणजे पाहुण्यांना खोटा शिगमो आणि आपल्याला खरा? हा तर शुद्ध मालकीहक्क झाला, काका.

जुनाजाणता
असेल. मांडाला गावकार असतो, मानकरी असतात. मालकी आधीपासूनच आहे रे, आपण नवी काढली नाही. वाटून घ्यायचंच असेल तर उत्सवातली नाटकं घ्या. जत्रांच्या दिवसांत देवळापुढे गावचीच पोरं मराठी संगीत नाटक करतात, पहाटेपर्यंत. खुर्ची टाकून कुणीही बसावं. पुण्याच्या माणसाला भाषाही कळते. ते पाहायला मात्र एक टुरिस्ट येत नाही.

पायपीट_पुणे
येतो! तारखा कुठे कळतात?

केप्याची_सून
देवळाबाहेर फळ्यावर. म्हणून तर कुणी येत नाही.

पायपीट_पुणे
सत्तरीवाली ताई, शेवटचं विचारतो. माझ्या बायकोला धालो, म्हणजे बायकांचा मांडावरचा नाच, पाहायचे आहेत. तेही नको?

सत्तरीवाली
पौषात पाठवा, एकटीला. तुम्ही डिचोलीत थांबा. पाहायला नाही, समोरच्या ओळीत उभं राहून झुलायला येणार असेल तर माझ्या घरी झोपायची सोय आहे. मोबाइल चुलीजवळच्या फळीवर ठेवावा लागेल.