रून, मणी आणि ‘स्त्रीऊर्जा’: हे ठरवलं कुणी?

सुईदोरा: परवा इथे एक पोस्ट वाचली. ‘रून ही मुळातच स्त्रीऊर्जेची लिपी. बर्काना म्हणजे मातृत्व, पेर्थ्रो म्हणजे गर्भाशय. मण्यांत विणून गळ्यात घाला, आतली देवी जागी होते.’ अठरा वर्षं मणीकाम करतेय, गप्प बसवेना. रून ही आधी उत्तर युरोपातली जुनी अक्षरं आहेत. जुन्या फुथार्कमध्ये, म्हणजे रूनच्या वर्णमालेत, २४, व्हायकिंग काळात त्यांची १६ झाली. बर्काना म्हणजे बर्चचं झाड. पेर्थ्रोचा अर्थ तर अभ्यासकांनाही अजून लागलेला नाही, मग गर्भाशय आणलं कुठून? नॉर्वेत बर्गनला १९५५च्या आगीनंतर खोदकाम झालं, त्यात रून कोरलेल्या शेकडो काठ्या मिळाल्या. एकीवर एवढंच आहे: ‘ग्युदा म्हणते, घरी जा.’ ही खरीखुरी बाई. तिला देवी कशाला करायची?

बर्चवन: पोस्ट माझी आहे. ताई, जुन्या इंग्रजी रून-कवितेत याच अक्षराच्या झाडाबद्दल म्हटलंय की त्याला फळ नाही, तरी बीजावाचून धुमारे फुटतात. माझा दुसऱ्यांदा गर्भपात झाला तेव्हा मी ही ओळ वाचली. पांढऱ्या-हिरव्या मण्यांत बर्कानाची पट्टी विणायला घेतली, दोन महिने विणत होते. त्या दिवसांत दुसऱ्या कशानेच मला धरून ठेवलं नाही. हे खोटं आहे का?

सुईदोरा: तुमचं दुःख खोटं कोण म्हणेल? पण ‘मला आधार मिळाला’ आणि ‘प्राचीन काळापासून असंच मानतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुम्ही दुसरं लिहिलंत.

नेकारकाठ: मी जर्मनीत राहते. मुळातच स्त्रीऊर्जेची लिपी म्हणे! नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाची खूण म्हणजे सिग रूनची जोडी. ती मिरवायला इथे कायद्याने बंदी आहे. ओथाला ही दुसरी रूनही त्यांनी वापरली. निदान गळ्यात काय घालतोय ते माहीत करून घ्या.

बर्चवन: मी बर्कानाबद्दल बोलतेय. नाझींना मध्ये आणू नका.

रुखवतवाली: बाई-बाई करताय, मग विणणाऱ्या बाईचं बोला. माझ्या आईने गावातल्या किती लग्नांना रुखवतात मण्यांचे मोर, तोरणं, कळशीवरची जाळी करून दिली. डोळे गेले. एकानेही पैसे विचारले नाहीत, ‘तुमचा हातच तसा आहे’ म्हणाले. आता मी कानातले करते. एका जोडाला पाच तास लागतात. एका दुकानाने २५० रुपयांना घेतला, ‘स्त्रीऊर्जा’ची चिठ्ठी लावून ९०० ला विकला.

कारंजा: दुकानाला भाडं असतं, जाहिरात असते. नाही परवडत तर देऊ नका.

रुखवतवाली: आईलाही असंच सांगायचे. ‘नको तर करू नकोस.’ पाच तास मान मोडून बघा, मग भाड्याचं शिकवा.

सुईदोरा: रुखवतवालीशी शंभर टक्के सहमत. जपानी मणी, नायलॉनचा दोरा, सुया, सगळं महागलंय. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मणीच तर आहेत!’

बर्चवन: चिठ्ठ्या मीही लावते. पण माझ्याकडच्या दोघींना तासावर पैसे देते.

रुखवतवाली: तासाला किती?

बर्चवन: ते इथे सांगणं बरोबर नाही.

सुईदोरा: बर्चवन, तुमच्या पट्टीचा फोटो पाहिला. लाकडाच्या रेषेत आडवी खाच हरवते म्हणून रून उभ्या-तिरप्या रेघांच्या. मणीकामाच्या मागावर तिरकी रेघ जिन्यासारखी दिसते, पेयोटी या सुईच्या विणीत मणी विटांसारखे बसतात म्हणून तुमची तिरकी नीट उतरलीय. काम चोख आहे, हे मान्य करावंच लागेल. ‘प्राचीन’ तेवढं काढा.

बर्चवन: ‘प्राचीन’ काढते. ‘मातृत्व’ राहील. ते माझं आहे.

रुखवतवाली: चिठ्ठीवर काय ते तुम्ही दोघी ठरवा. तासाला किती, ते अजून सांगितलं नाहीत.