जीएफपी_कर्नल वापरला तरी नल तपासणे आवश्यक आहे का?

प्रश्न:
मी लिनक्ससाठी एक छोटा यूएसबी ड्रायव्हर लिहीत आहे. प्रोब फंक्शनमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे फंक्शन चालवतो) आधी ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरसाठी केझॅलॉक या कर्नलच्या फंक्शनने मेमरी घेतो, मग यूआरबी (यूएसबीवरील देवाणघेवाणीची विनंती ठेवणारे स्ट्रक्चर) आणि शेवटी बफर. जीएफपी_कर्नल (गरज पडल्यास थांबून मेमरी मिळवण्याची मुभा देणारा फ्लॅग) देऊन मागितलेली थोडी मेमरी सहसा नाकारली जात नाही, असे वाचनात आले. तसे असेल, तर प्रत्येक ठिकाणी नल (मेमरी न मिळाल्यावर परत येणारा रिकामा पॉइंटर) तपासण्याची गरज काय, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

प्रतिसाद १:
आपण वाचले ते खरे आहे, पण ते ॲलोकेटरच्या (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाच्या) आजच्या वागणुकीचे वर्णन आहे. तशी हमी कर्नलने दिलेली नाही. ८ पेजेसपर्यंतची (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा), म्हणजे ४ केबीचे पेज असलेल्या मशीनवर ३२ केबीपर्यंतची मागणी ॲलोकेटर सहजासहजी नाकारत नाही. तो इतर पेजेस मोकळी करून पाहतो आणि अगदीच निभाव लागेना, तर ओओएम किलरकरवी (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद करणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेकरवी) एखादी प्रोसेस संपवतो. मात्र संपवण्यासाठी निवडलेली प्रोसेस नेमकी तुमच्याच कोडमध्ये मेमरी मागत असेल, तर तिच्या हाती नल पडू शकतो. शिवाय यूआरबीच्या कम्प्लीशन हँडलरमध्ये (यूआरबीचे काम संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्लीप करता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नसल्यामुळे तिथे जीएफपी_ॲटॉमिक हा न थांबता मेमरी मागणारा फ्लॅग द्यावा लागतो, आणि ती मागणी फसणे मुळीच दुर्मीळ नाही.

प्रतिसाद २:
तपासणी बहुतेक जण करतात; माझ्या मते खऱ्या चुका त्यानंतरच्या कोडमध्ये असतात. बफर मिळाला नाही, तर आधी यूआरबी आणि मग स्ट्रक्चर, अशा उलट क्रमाने मेमरी सोडावी लागते, म्हणून गोटूची लेबले (चूक झाल्यावर कोड जिथे उडी मारतो त्या जागा) त्याच क्रमाने लिहावीत. आणखी एक चूक रिव्ह्यूमध्ये वारंवार दिसते: आधीचे फंक्शन यशस्वी झाल्यामुळे रेट या व्हेरिएबलमध्ये शून्य उरलेले असते, पुढे मेमरी न मिळाल्यावर त्यात उणे ईनोमेम (मेमरी नसल्याचा एरर कोड) भरायचे राहून जाते आणि प्रोब तेच शून्य परत करतो. यूएसबी कोअर ड्रायव्हर जोडला गेला असे समजतो आणि उपकरण काढल्यावर डिस्कनेक्ट फंक्शन सोडून दिलेल्या मेमरीला हात घालते.

प्रतिसाद ३:
मेमरी न मिळाल्यावरचा हा कोड एरवी कधीच चालत नाही, म्हणून फेलस्लॅब (मेमरीच्या मागण्या मुद्दाम फसवणारी कर्नलची चाचणी सुविधा) वापरून तो मुद्दाम चालवून पाहावा. त्यात इग्नोर-जीएफपी-वेट हे सेटिंग मुळात चालू असते, त्यामुळे जीएफपी_कर्नलच्या मागण्या वगळल्या जातात. ते आधी बंद करावे. टास्क-फिल्टर (फक्त निवडलेल्या प्रोसेसच्या मागण्या फसवणारे सेटिंग) लावणार असाल, तर उपकरण आधी जोडून ठेवावे आणि मॉड्यूल नंतर लोड करावे, कारण उपकरण मागाहून जोडल्यास प्रोब तुमच्या प्रोसेसमध्ये न चालता कर्नलच्या वर्कर थ्रेडमध्ये चालतो. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीकचा (न सोडलेली मेमरी शोधणाऱ्या कर्नलच्या साधनाचा) अहवाल पाहिल्यास कोणते लेबल चुकले ते लगेच कळते.