‘प्रायोजित’ पायलट म्हणजे प्रायोजक नेमका कोण?

व्याजदर

आमचं घर घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या अलीकडे. विमानं उतरताना गच्चीवरून त्यांची चाकं मोजता येतात. धाकटा भाऊ नुसत्या आवाजावरून एअरबस की बोइंग ते सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्याची यंदा बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. आता एका एअरलाइनच्या कॅडेट पायलट प्रोग्रॅमला अर्ज करायचा म्हणतोय. परवा रात्री जेवताना त्याने फोन ताटाशेजारी उभा करून बाबांना जाहिरात दाखवली. गणवेशातली हसरी मुलं, मागे विमानाचं शेपूट, वर ‘प्रायोजित’ हा शब्द. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कंपनी शिकवणार ना?"

इथेच घोळ आहे. कंपनी शिकवणार नाही. कंपनी निवड करणार, ठरलेल्या फ्लाइंग स्कूलमध्ये पाठवणार, आणि पैसे आपण भरायचे. सगळा आकडा कोटीच्या पुढे. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, त्यामुळे जाहिरातीपेक्षा माझं लक्ष आधी हप्त्यावर जातं. ७० लाखांचं कर्ज, ११ टक्के, १० वर्षं धरली तर महिन्याला साधारण ९६ हजार. शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज मुद्दलात मिसळलं की लाखाच्या पुढे. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं. आमच्याकडे तारण म्हणजे हा वन बीएचके.

आणि एवढं करून हातात काय? नमुना करार मी दोनदा वाचला. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी "कंपनीच्या गरजेनुसार". असली ओळ कर्जदाराच्या कागदात असती तर आमच्या मॅनेजरने फाइल माझ्या अंगावर फेकली असती.

माझं मत: अर्ज करू नये. ज्यात आईबापांचं घर गहाण पडतं त्याला प्रायोजित म्हणायची लाज वाटली पाहिजे. उलट मत असेल तर जरूर सांगा, पण आकड्यांसकट.

खिडकीसीट

उलट मत माझं. माझी मुलगी असल्याच प्रोग्रॅममधून गेली, आज एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. आम्ही सासऱ्यांची बदलापूरची जागा विकली. घरात तेव्हा झालेली भांडणं इथे लिहीत नाही.

ताई, तुम्ही तुलनाच चुकीची करताय. कॅडेट प्रोग्रॅमची तुलना फुकट शिक्षणाशी करू नका, बाहेरून सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) काढून घरी बसलेल्या मुलांशी करा. २०० तास उडवून लायसन्स मिळतं, पण त्या लायसन्सवर एअरबस उडवता येत नाही. त्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठराविक विमानाचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे, आणि नोकरी नसताना ते करून ठेवलं तर काही महिन्यांत सराव सुटतो. मग कंपनीची भरती निघेपर्यंत वाट पाहायची, निघाली की दोनतीन जागांसाठी शेकड्यांनी अर्ज. कॅडेटला निदान रांग कुठली हे ठाऊक असतं. शिवाय निवड चाचणी आधी होते. ज्याला जमणार नाही त्याला कोटभर खर्च करण्याआधीच कळतं. हे उपकार समजा.

चाचणी कसली म्हणाल तर एका हाताने जॉयस्टिक धरून ठिपका वर्तुळात ठेवायचा, कानात आकडे ऐकायचे, आणि त्याच वेळी १८० नॉटच्या (तासाला १८० सागरी मैल) वेगाने २४ मिनिटांत किती अंतर हे सांगायचं. माझी मुलगी आंघोळीतून "बहात्तर!" म्हणून ओरडायची.

हँगर काका

विमान दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली, सांताक्रूझच्या हँगरमध्ये. मी व्याजदर ताईंच्या बाजूने.

खिडकीसीट, तुमच्या मुलीचं अभिनंदन. पण रांग ठाऊक असून उपयोग नाही, खिडकीच बंद झाली तर? किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला यायला निघालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. अकरा वर्षांत तीन, आणि तिन्हींची माणसं इथेच, अंधेरी-विलेपार्ले-सांताक्रूझच्या सोसायट्यांत. मधल्या कोविडचं तर बोलायलाच नको. पायलटचा हप्ता विमान उडालं नाही म्हणून थांबत नाही.

दुसरं, "पायलटची प्रचंड टंचाई" असं जिकडेतिकडे छापून येतं, ते वाक्य नीट वाचा. टंचाई कॅप्टनची आहे. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स हवं, त्याला १५०० तास हवेत, पुढे कंपनीची अपग्रेडची परीक्षा. दोनशे तासवाल्यांची टंचाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

खिडकीसीट

काका, मग इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानं मागवली आणि एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० मागवली, ती चालवायला कॅप्टन एकटाच बसणार का? उजव्या सीटवर, सहवैमानिक म्हणून, कोणीतरी लागतंच. आणि आज उजवीकडे कोणी बसलंच नाही तर पाचसहा वर्षांनी डावीकडे बसायला कॅप्टन आणणार कुठून? डिसेंबर २०२५ आठवा. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम त्याआधी टप्प्याने लागू झाले होते, आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ वर गेली होती, पायलट कमी पडले आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळावर टी-२ बाहेर माणसं बॅगांवर झोपली होती.

हँगर काका

मागवलेलं विमान आणि आलेलं विमान यांत फरक असतो बाई. आलेलं विमान आणि उडणारं विमान यांत त्याहून जास्त. इंजिनं नाहीत म्हणून उभी राहिलेली विमानं कमी पाहिली का आपण? गो फर्स्टने बुडताना कारण हेच दिलं होतं.

अर्धवट

मी बाहेरून सीपीएल काढलेला, सध्या घरी बसलेला. म्हणजे खिडकीसीट ज्यांच्याबद्दल बोलतायत तोच.

मला सांगितलं होतं १४ महिने. लागले ३१. शाळेचं नाव घेत नाही. कारणं ऐका. जून ते सप्टेंबर ढग खाली आले की सोलो, म्हणजे एकट्याने उडवणं, बंद. मग दोन विमानांपैकी एकाचं इंजिन उघडलेलं. मग इन्स्ट्रक्टर सोडून गेला, कारण त्याला एअरलाइनमध्ये लागलं (त्याचा राग कसा धरणार). आम्ही आठ जण एका सेसनाकडे टपरीवरच्या शेवटच्या वड्याकडे बघावं तसं बघत बसायचो. महिन्याला चार तास मिळाले तर पेढे. खोलीचं भाडं मात्र पूर्ण महिन्याचं.

तरीही माझा खर्च कॅडेटच्या निम्म्याच्या आसपास झाला, आणि डीजीसीएचे (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) पेपर मी स्वतः अभ्यास करून काढले. नॅव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन, टेक्निकल. पासिंग ७० टक्के, मेटमध्ये एकदा ६८ वर गेलो. घर गहाण नाही, त्यामुळे रात्री झोप लागते. हे माझं सगळं यश म्हणा.

प्रश्न असा की मला परत संधी मिळाली तर काय करेन? खरं सांगू, कॅडेट. कारण कंपनीची पोरं आली की शाळा विमान कुठूनही काढून देते. रांगेत आम्ही नेहमी त्यांच्या मागे. म्हणजे जास्त पैसे उडायला शिकण्याचे नसतात, पुढे घुसण्याचे असतात. हे चूक आहे असं मलाही वाटतं, पण माझ्या वाटण्याने विमान मिळत नाही.

व्याजदर

अर्धवट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही माझ्या विरोधात लिहिलंय आणि माझाच मुद्दा पक्का केलाय. पुढे घुसायची किंमत पन्नास लाख, ती भरणार पोराचे आईबाप, आणि तयार पायलट मिळणार कंपनीला. मग प्रायोजक कोण झालं?

मालाड लोकल

वन बीएचके कितीला जाईल घाटकोपरला? मित्राला हवाय. 😄

खिडकीसीट

@मालाड लोकल, दुसऱ्याचं घर विनोदाचा विषय नसतो.

पारपत्र

खरं प्रायोजन असतं, पण ते आपल्यासाठी नसतं. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये स्पीडबर्ड अकॅडमी जाहीर केली. निवडलेल्या मुलांचा प्रत्येकी एक लाख पौंडांपर्यंतचा खर्च कंपनी उचलते. अट: ब्रिटनमध्ये राहायचा आणि काम करायचा हक्क आधीपासून हवा. आपल्या पोरांनी फॉर्म उघडला की पहिल्याच पानावर दार बंद. तिथेसुद्धा हे सहज झालेलं नाही, बरीच वर्षं पायलट व्हायचं तर आईबापांनी घर गहाण टाकायचं हीच पद्धत होती.

आपल्याकडे सरकारी दारंही आहेत, ती आधी ठोठावा. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएलची योजना काढली होती. रायबरेलीजवळ फुरसतगंजची इग्रुआ ही उड्डाण अकादमी आहे, केंद्र सरकारची, प्रवेश परीक्षेतून. पण तिथेही फी लाखांतच.

मात्र ताई, एका गोष्टीवर मी तुमच्या विरुद्ध. समजा उद्या आपल्या कंपनीने खरोखर पूर्ण खर्च केला. ती नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेणार, आठदहा वर्षांचा. तेव्हा तुम्हीच धागा काढाल, "पोराला वेठबिगार केलं". आजच फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला बारा महिने नोटीस द्यावी लागते. निदान स्वतःच्या पैशाने शिकलेला मुलगा मोकळा असतो.

हँगर काका

हप्ता लाखाचा असलेला मुलगा मोकळा? पारपत्र, तुमची मोकळेपणाची व्याख्या आवडली. एक वेळ बाँडला कोर्टात हिसका देता येतो. बँकेला द्या बघू.

कान-नाक-घसा

डॉक्टर आहे, पण विमानवाली नाही. इथे सगळे पैशावर भांडताय आणि पहिली पायरी कोणीच सांगत नाही. मेडिकल! पायलटची वैद्यकीय तपासणी, आधी क्लास २, मग त्याहून कडक क्लास १. रंगचाचणीच्या ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही आणि पुढची दिव्यांची चाचणीही हुकली की कोट्यवधी रुपये असून उपयोग नाही. माझ्या ओळखीत एका मुलाने शाळेचा पहिला हप्ता भरला आणि नंतर रंगांधळेपणा निघाला. त्याला एकोणीस वर्षांत कधी कळलंच नव्हतं, कारण सिग्नलचा वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा हे पाठ होतं. पैसे परत मागायला त्याच्या वडिलांनी किती चकरा मारल्या ते विचारू नका.

क्लास २ ला काही हजार लागतात. डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर मुंबईतच आहेत. अर्ज करावा की नाही हे त्यानंतर.

खिडकीसीट

हे सोळा आणे खरं. आमच्या मुलीचंही तसंच केलं होतं.

आणि व्याजदर ताई, एक विचारू? करारात फक्त नोकरीची ओळ पाहिलीत की मध्येच कंपनीने प्रोग्रॅम बंद केला तर परतावा किती, तेही पाहिलंत? आमच्या करारात पैसे टप्प्याटप्प्याने होते, ग्राउंड स्कूल, सोलो, इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर असे. पुढचा टप्पा सुरू झाल्याशिवाय पुढचा चेक नाही. तुमच्या करारात सगळं आगाऊ असेल तर मीसुद्धा म्हणेन नको.

व्याजदर

पाहिलं. तीन हप्ते आहेत, पण पहिलाच अर्ध्याहून मोठा. परताव्याबद्दल एक ओळ आहे, "प्रचलित धोरणानुसार". ते धोरण सोबत जोडलेलं नाही. मेल टाकून मागितलंय, चार दिवस झाले.

तुमचं टप्प्याचं म्हणणं मान्य. टप्प्याने पैसे आणि लेखी परतावा असेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो. निम्माच. घराचं उरतंच.

भाऊ मंगळवारी क्लास २ ला जातोय. डॉक्टरबाईंचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. त्याने लगेच फोनवर ठिपके काढून सगळे आकडे धडाधड सांगितले आणि वर मलाच एक चुकीचा ठरवला. काल कपाट आवरताना मात्र सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जागेवर नव्हतं. बाबांच्या पिशवीत सापडलं, झेरॉक्सच्या तीन प्रतींसकट. मला काही बोलले नाहीत.

हँगर काका

मूळ प्रत आधी पिशवीतून काढून कपाटात ठेवा. मंगळवारी काय झालं ते इथेच कळवा.